पियानो आला, पण तानपुरा का गेला?

बंगाली पंचांगातील वैशाखाचा पंचविसावा दिवस म्हणजे रवींद्रनाथ ठाकुरांची जयंती. कोलकात्यातील जोडासांकोच्या ठाकूरवाड्यापासून बीरभूम जिल्ह्यातील खेड्याच्या प्राथमिक शाळेपर्यंत त्या दिवशी रवींद्रसंगीत गायिले जाते. गेल्या दोन तपांत या उत्सवाचे रूप मात्र पालटले आहे. अनेक व्यासपीठांवर तानपुऱ्याच्या जागी इलेक्ट्रिक गिटार आणि तबल्याच्या जागी ड्रमसेट दिसू लागला आहे. ३१ डिसेंबर २००१ रोजी रवींद्रनाथांच्या रचनांवरील स्वामित्वहक्काची मुदत संपली आणि विश्वभारतीच्या संगीत मंडळाचा अंकुशही त्याबरोबर सुटला. तेव्हापासून ही गीते कोणीही, कशीही गावीत, अशी मुभा सर्वांना मिळाली. एखाद्या जाणत्याने आक्षेप घेतलाच, तर त्यावर ठरलेले उत्तर तयार असते: ‘रवींद्रनाथांनी स्वतःच स्कॉटलंड-आयर्लंडच्या चाली उचलल्या होत्या. मग आम्ही गिटार वाजवली तर बिघडले कुठे?’

हे उत्तर ऐकून जुनी पिढी निरुत्तर होते. तिने निरुत्तर होण्याचे काही कारण नाही. या युक्तिवादाच्या आड त्याहून मोठा एक समज दबा धरून बसला आहे. एकोणिसाव्या शतकातील बंगालचे नवजागरण ही इंग्रजांची देणगी, म्हणून बंगालचे आधुनिक संगीतही पश्चिमेचेच अपत्य, असा तो समज होय. मेकॉलेच्या शिक्षणपद्धतीने घडवलेल्या बुद्धिवंतांनी तो पिढ्यान्पिढ्या जोपासला. बंगालच्या संगीताचा इतिहास उघडून पाहिला, तर मात्र त्यातून अगदी निराळी साक्ष मिळते.

आधी पाया, मग खिडकी

रवींद्रनाथांचा जन्म १८६१चा. ते प्रथम विलायतेला गेले १८७८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी. त्याआधी त्यांच्या कानांवर कोणते संस्कार झाले होते? जोडासांकोच्या वाड्यात विष्णू चक्रवर्ती हे गायक मुलांना गाणे शिकवीत. १८२८ मध्ये स्थापन झालेल्या ब्राह्म सभेतही त्यांचेच ध्रुपद अंगाचे गायन होत असे. विष्णुपूरच्या ध्रुपद परंपरेतील थोर गायक यदुनाथ भट्टाचार्य, अर्थात यदुभट्ट, यांचाही या वाड्यात राबता होता. बंकिमचंद्रांनी ज्यांच्याकडे संगीताचे धडे घेतले, तेच हे यदुभट्ट. मूर्तिपूजा नाकारणाऱ्या ब्राह्म समाजानेही पखवाज आणि ध्रुपद नाकारले नव्हते, हे या संदर्भात विसरता येत नाही.

असा पाया पक्का झाल्यावर हा तरुण इंग्लंडला गेला आणि तेथील लोकगीते ऐकून १८८० मध्ये परतला. १८८१ साली ‘वाल्मीकिप्रतिभा’ हे गीतिनाट्य जोडासांकोच्या वाड्यात सादर झाले. १८८२ मध्ये ‘कालमृगया’ आले. या दोन्ही नाट्यांत विलायती चालींचा वापर आहे, तसेच ‘ऑल्ड लँग साइन’ या स्कॉटिश गीताच्या चालीवरही रवींद्रनाथांनी एक गीत रचले आहे. परंतु हिशेब मांडायचाच, तर तो पूर्ण मांडावा. रवींद्रनाथांच्या दोन हजारांहून अधिक गीतांत थेट विलायती चालींवर बेतलेली गीते डझन-दीड डझन भरतील. उरलेल्या भांडारात ध्रुपद आहे, टप्पा आहे, कीर्तन आहे, बाउल आहे, नावाड्यांचे सारी गान आहे. शिवाय ज्या नाटकासाठी त्या चाली आणल्या, त्या नाटकाचा विषय कोणता? आदिकवी वाल्मीकींना झालेला वाणीचा साक्षात्कार. चाल विलायतेची असली, तरी जिच्यासमोर ती गायिली गेली ती सरस्वतीच होती.

याहून बोलका पुरावा १९०५चा आहे. लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली आणि सारा प्रांत पेटून उठला. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी फाळणी अमलात आली, त्या दिवशी रवींद्रनाथ राख्या बांधीत कोलकात्याच्या रस्त्यांवर उतरले. जनसागराला हेलावून सोडण्याची गरज निर्माण झाली, तेव्हा या कवीने कोणत्या सुरांना हाक दिली? विलायती संगीत त्यांना चांगले अवगत होते. तरीही त्या काळातील त्यांची बहुतेक स्वदेशी गीते बाउल, कीर्तन आणि सारी गानाच्या सुरांवर उभी आहेत. त्यांपैकी जे गीत पुढे बांगलादेशाचे राष्ट्रगीत झाले, त्याची चाल शिलाईदहच्या परिसरातील गगन हरकरा या बाउल टपालवाहकाच्या गाण्यावरून आलेली आहे. हृदयाला हात घालायचा प्रसंग आला, तेव्हा पियानोजवळ बसलेला कवी टपालवाहकाच्या दारी गेला.

लिपीची लढाई

पश्चिमेचा सूर बंगालने मुकाट्याने गिळला, असेही झालेले नाही. त्यावर बरोबरीच्या नात्याने वादविवाद झाला आहे. चार्ल्स बॅरन क्लार्क हे वनस्पतिशास्त्रज्ञ बंगाल सरकारच्या सेवेत शाळा-निरीक्षक होते. १८७४ साली ‘कलकत्ता रिव्ह्यू’मध्ये बंगाली संगीतावर लेख लिहून त्यांनी विलायती पाचरेघी स्वरलिपीचा कैवार घेतला. त्याच वर्षी ‘हिंदू पेट्रियट’मधून शौरींद्रमोहन ठाकुरांनी त्यांना खणखणीत उत्तर दिले. प्रत्येक राष्ट्राच्या संगीताला आपली लिपी असते, ती त्या संगीताच्या स्वभावातून घडलेली असते, ही त्यांच्या प्रतिपादनाची दिशा होती. त्यांचे गुरू क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी दंडमात्रिक स्वरलिपी सिद्ध केली होती. पुढे ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांनी आकारमात्रिक स्वरलिपीला आकार दिला आणि बंगालमध्ये आजही ती वापरात आहे.

शौरींद्रमोहन पश्चिमेचे द्वेष्टे होते काय? मुळीच नव्हते. ते विलायती संगीत शिकलेले होते. राजकारणात तर ते पूर्णपणे राजनिष्ठ होते आणि राणी व्हिक्टोरियाच्या स्तुतीची गीतेही त्यांनी प्रसिद्ध केली. मात्र राजनिष्ठेच्या त्या दिवसांतही त्यांनी इंग्रजी कवितांना हिंदू संगीताच्या चाली लावून १८७५ मध्ये पुस्तक छापले. १८७१ साली संगीत विद्यालय काढले आणि भारतीय वाद्यांचा संग्रह ब्रसेल्सपर्यंत पाठवला. मस्तक सत्तेपुढे झुकले असेल, स्वर झुकला नाही. १९०७च्या संगीतयात्रेत पं. विष्णु नारायण भातखंडे कोलकात्याला गेले, तेव्हा त्यांनी याच शौरींद्रमोहनांची भेट घेतली होती. संगीताच्या शास्त्राला पुन्हा उभे करण्याचे जे कार्य महाराष्ट्रात झाले, त्याचा बंगालशी असा जिव्हाळ्याचा संबंध आहे. ज्योतिरिंद्रनाथ हे स्वतः पियानोचे उत्तम जाणकार. मराठी शिकून लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ बंगालीत नेले, तेही त्यांनीच. एका हाताने पियानो आणि दुसऱ्या हाताने गीतारहस्य, अशी ती पिढी होती.

विलायतेहून परतलेले

द्विजेंद्रलाल राय १८८४ मध्ये कृषिशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले. तेथे ते विलायती गाणेही शिकले. इंग्रजी, स्कॉटिश, आयरिश गीतांचे अनुवाद त्यांनी बंगालीत आणले. त्यांच्या देशभक्तिपर गीतांतील ठाम पावले आणि सर्वांनी मिळून उचलायचा ध्रुवपदाचा जोश यांत विलायती समूहगानाचा ठसा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यांचे वडील कार्तिकेयचंद्र हे कृष्णनगरचे दिवाण आणि नावाजलेले ख्यालगायक होते. घरातल्या त्या ख्यालाची तालीम कानांत मुरली होती, म्हणूनच विलायतेचा जोश राष्ट्राच्या कामी लावता आला.

त्यांचे पुत्र दिलीपकुमार राय केंब्रिजला गेले, जर्मनीत संगीत शिकले, रोमाँ रोलाँ यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. युरोपचे संगीत इतक्या जवळून पाहिलेला दुसरा भारतीय गायक त्या काळात विरळाच. युरोपातून परतल्यावर त्यांनी देशभर फिरून उस्ताद आणि गायिका ऐकल्या. गायकाला विस्ताराचे स्वातंत्र्य किती असावे, यावर प्रत्यक्ष रवींद्रनाथांशी वाद घातला. पुढे ते श्रीअरविंदांच्या आश्रमात गेले आणि अखेर पुण्यात हरिकृष्ण मंदिर उभारून भजन-कीर्तनात रमले. १९८० साली ते निवर्तले. युरोपचे संगीत कोळून प्यालेल्या माणसाची अखेरची ओढ मीरेच्या भजनाकडे असावी, यातच सारे आले.

तिसरे उदाहरण तर याहून उद्बोधक आहे. अल्लाउद्दीन खाँ त्रिपुरा भागातील शिबपूर गावचे. गाण्याच्या वेडापायी घरातून पळून कोलकात्यास आले. तेथे नुलो गोपाल यांच्याकडे त्यांनी गळा घासला. स्वामी विवेकानंदांचे आप्त हाबू दत्त यांच्याकडे वाद्ये शिकले आणि लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे विलायती पद्धतीचे व्हायोलिन आत्मसात केले. त्यानंतर रामपूरच्या वझीर खाँकडे त्यांनी दीर्घकाळ तालीम घेतली. पुढे मैहरला शारदामातेच्या पायथ्याशी ते स्थिरावले आणि साथीत पोरकी झालेली मुले गोळा करून त्यांनी मैहर बँड उभा केला. त्यात व्हायोलिन होते, चेलो होता, बंदुकीच्या नळ्यांपासून घडवलेले नलतरंगही होते. वाद्ये निम्मी विलायतेची, पण त्या वाद्यांतून निघत होते ते राग. पं. रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ हे याच गुरूचे शिष्य. त्यांनी पश्चिमेला भारताच्या दारी आणले. बंगालने पश्चिमेचे संगीत घेतले म्हणजे काय केले, याचा मैहर हा वस्तुपाठ आहे.

स्वामी विवेकानंदांनाही या मालिकेतून वगळता येणार नाही. ते ध्रुपद गात, पखवाज वाजवीत. १८८७ मध्ये, संन्यासी म्हणून जगाला परिचित होण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी ‘संगीतकल्पतरु’ या संग्रहाच्या संपादनात भाग घेतला. पश्चिम जिंकून आल्यानंतर त्यांनी रचलेली श्रीरामकृष्णांची आरती आजही मठात प्रतिदिनी सायंकाळी घुमते.

संचारी कुठे गेली?

मग बिघडले केव्हा आणि काय? याचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही, स्वरशास्त्राने दिले पाहिजे. पाश्चात्त्य संगीताचा प्राण एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक स्वरांच्या मेळात आहे, तर भारतीय संगीताचा प्राण एका स्वराकडून दुसऱ्या स्वराकडे जाणाऱ्या वाटेत. पियानोचे सप्तक बारा सारख्या भागांत कापलेले असते. दरबारीचा झुलता, खोल गंधार आणि भीमपलासीचा गंधार यांसाठी त्यात एकच पट्टी. मींड तर पट्टीवर निघतच नाही. हार्मोनियमवरील रवींद्रनाथांचा राग याच कारणाने होता. शांतिनिकेतनात साथीला एसराज असे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. पेटीवर प्रेम करणाऱ्या मराठी रसिकाला हे कठोर वाटेल. पण ज्यांनी पेटीला मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठा दिली, त्या गोविंदराव टेंब्यांच्या कानात आधी भास्करबुवांचे गाणे होते. पट्टीच्या फटीत दडलेला सूर कोठे आहे, हे त्यांना ठाऊक होते. ज्या मुलाने पट्टीबाहेरचा सूर कधी ऐकलाच नाही, त्याचे काय?

दुसरे उदाहरण गीताच्या बांधणीचे. ध्रुपदाचे चार चरण असतात: स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग. ख्यालाने त्यांतले दोनच ठेवले. बंगालच्या गीताने मात्र संचारी जपली. अंतऱ्यात तारसप्तकाकडे झेपावलेले गाणे संचारीत खाली उतरते, क्षणभर अंतर्मुख होते आणि मग आभोगात पुन्हा वर जाते. रवींद्रनाथांच्या शेकडो गीतांत ही संचारी आहे. त्यांच्यानंतरच्या आधुनिक बंगाली गीतातही ती टिकली. सलिल चौधरींचे वडील आसामच्या चहामळ्यात डॉक्टर. घरातील ग्रामोफोनवर पाश्चात्त्य सिंफनी ऐकत हा मुलगा वाढला. डाव्यांच्या गणनाट्य संघात तो घडला. १९६१च्या ‘छाया’ चित्रपटात त्यांनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा आरंभच गाण्याच्या मुखड्यात बसवला. तरीही सलिलदांच्या बंगाली गीतांत संचारी आढळते, आसामच्या मळ्यातील आणि बंगालच्या शेतातील लोकसूर आढळतात. राजकीय विचार कोणताही असो, त्या पिढीचा कान या मातीत रुजलेला होता.

१९७५च्या सुमारास ‘मोहिनेर घोडागुली’ या वाद्यवृंदाने रॉक आणि बाउल एकत्र आणले. १९९२ मध्ये सुमन चट्टोपाध्यायांच्या ध्वनिफितीने गिटारवरील नागर गीताची लाट आणली. या मंडळींजवळ निदान शब्दांचे भान होते आणि मागील परंपरेची ओळखही होती. त्यांच्यामागून आलेल्या बहुसंख्य वाद्यवृंदांनी त्यांची केवळ गिटार उचलली. मुखडा, कडवे, पुन्हा मुखडा, मधे गिटारचा कडकडाट, असा साचा ठरला. संचारीला त्यात जागाच उरली नाही. जे क्षणभर अंतर्मुख होणे हा बंगाली गीताचा विशेष होता, तेच नेमके गळून पडले. ड्रमसेट आला याचे दुःख तेवढे नाही. संचारी गेली आणि कोणाला तिची उणीवही जाणवली नाही, हे खरे दुःख आहे.

२०२३ साली ‘पिप्पा’ या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने हाच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर आला. देशबंधू चित्तरंजन दास तुरुंगात असताना त्यांच्या पत्रासाठी काझी नजरुल इस्लाम यांनी लिहिलेल्या धगधगत्या गीताला ए. आर. रहमान यांनी त्यात नवी चाल दिली. बंगालमध्ये संताप उसळला. निर्मात्यांनी खुलासा केला, की नव्या चालीची परवानगी करारानेच घेतलेली होती. भावना दुखावल्याबद्दल त्यांनी क्षमाही मागितली. करार नक्कीच असेल. पण चाल म्हणजे शब्दांवरचा सुटा अंगरखा, वाटेल तेव्हा बदलावा, हा विचार बाजाराचा आहे. ज्या सुरावर कैदी तुरुंगात गेले, तो सूर त्या गीताचा देहच असतो. हक्क खरेदी करता येतो, वारसा खरेदी करता येत नाही.

बंदी हे उत्तर नव्हे

यावर उपाय म्हणून बंदीची मागणी करणाऱ्यांनी बंगालचाच अनुभव पाहावा. डाव्या आघाडीच्या राजवटीत एका मंत्र्याने पॉप गायनाला ‘अपसंस्कृती’ ठरवून विरोध केला. त्याच राजवटीत १९८६ मध्ये सॉल्ट लेक स्टेडियमवर मुंबईच्या चित्रपटतारकांचा प्रचंड जलसा झाला. रवींद्रसंगीताच्या शुद्धतेसाठी नेमलेल्या संगीत मंडळाने देबब्रत बिश्वास यांच्यासारख्या अव्वल गायकाची ध्वनिमुद्रणे वाद्यमेळाच्या अतिरेकाचे कारण देऊन अडवली. तो स्वाभिमानी कलावंत अखेर रवींद्रसंगीताच्या ध्वनिमुद्रणापासून दूर झाला, आणि लोकांनी त्यालाच डोक्यावर घेतले. पहारेकरी होते तोवर दार बंद राहिले. २००१ नंतर पहारेकरी गेले, तेव्हा आत शिकवणारा गुरू पुरेसा उरलेला नव्हता.

२०११ मध्ये कोलकात्याच्या चौकांतील वाहतूक दिव्यांजवळ ध्वनिवर्धकांतून रवींद्रसंगीत वाजू लागले. चौकात शासन गाणे वाजवते आणि घरात कोणी गात नाही, याला संस्कृतिरक्षण कसे म्हणावे? एकेकाळी मध्यमवर्गीय बंगाली घरात आठवड्यातून एकदा गाणे शिकवणारे मास्तर येत, संध्याकाळी मुलगी रियाजाला बसे. आज तो वेळ शिकवणी वर्गांनी आणि दूरचित्रवाणीवरील गाण्याच्या स्पर्धांनी गिळला आहे. तीन मिनिटांत टाळ्या मिळवण्याची सवय लागलेल्या गळ्याला संचारीत उतरण्याची उसंत कोठून मिळणार?

त्यातही चिंता कीर्तनाची आहे. चैतन्य महाप्रभूंनी सोळाव्या शतकाच्या आरंभी नवद्वीपच्या रस्त्यांवर नगरकीर्तन उभे केले. समूहाने गाणे पश्चिमेकडून शिकावे लागले, असे म्हणणाऱ्यांनी हे नगरकीर्तन आठवावे. पुढे नरोत्तमदासांच्या खेतुरी महोत्सवातून पदावली कीर्तनाची घडी बसली, गराणहाटी आणि मनोहरशाही अशा शैली निर्माण झाल्या. मातीच्या खोलावर वाजणारे त्यांचे दीर्घ ताल आज पूर्णपणे जाणणारे थोडेच उरले आहेत. जेथे आयोजकांना झटपट रंग हवा असतो, तेथे कीर्तनाच्या आसरातही सिंथेसायझर येऊन बसतो. वारकरी कीर्तनाच्या मंडपात मृदंगाच्या जागी यंत्राचा ठेका ऐकलेल्या मराठी वाचकाला ही व्यथा वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

शांतिनिकेतनात हिंदुस्थानी संगीत शिकवायला महाराष्ट्रातून पं. भीमराव शास्त्री हसूरकर गेले होते. पलुसकर आणि भातखंडे यांच्या परंपरेची गुरुकुले व विद्यालये आजही उभी आहेत. कोलकात्यात डोव्हर लेनचे संगीत संमेलन १९५२ पासून भरते, संगीत रिसर्च अकादमी गुरुशिष्य परंपरा चालवते. म्हणजे झरा आटलेला नाही, झऱ्याकडे जाणारी घरची पायवाट मोडली आहे. ती सरकारी आदेशाने पुन्हा पडणार नाही. रोजचा अर्धा तास तानपुऱ्यासमोर, मुलाच्या हाती गिटार देण्याआधी त्याच्या कानात षड्ज, गावच्या उत्सवात भाड्याच्या ध्वनियंत्रणेऐवजी गावातलाच एक खोलवादक किंवा मृदंगी, आणि शाळेच्या संमेलनात निदान एक गीत मूळ चालीत. एवढे ज्या घराने, ज्या मंडळाने, ज्या शाळेने केले, त्यांनी पश्चिमेचे संगीत खुशाल ऐकावे, शिकावे, वाजवावे.

शौरींद्रमोहनांनी, ज्योतिरिंद्रनाथांनी, द्विजेंद्रलालांनी, अल्लाउद्दीन खाँनी हेच केले होते. त्यांच्या घरी पाहुणा आला, त्याचे आदरातिथ्य झाले आणि देवघरातला नंदादीपही तेवत राहिला. आज पाहुण्याला बसायला जागा हवी म्हणून कोणी देवघरच मोकळे करीत असेल, तर त्याचा दोष पाहुण्यावर ढकलता येणार नाही. तो यजमानाचाच आहे, आणि सुधारण्याचे कामही यजमानालाच करावे लागेल.